शिक्षक प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य: तालुक्यातील शाळांवर संशोधन करताना नेमके काय मोजावे?

प्रश्न: मुख्याध्यापिका, अनुदानित माध्यमिक शाळा, जालना जिल्हा

सर्वांना नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका असून शिक्षणशास्त्रात पीएच.डी.साठी नोंदणी केली आहे. शिक्षकांचा सेवांतर्गत विकास, शाळेचे व्यवस्थापन आणि आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य यांचा परस्परसंबंध, असा विषय ढोबळमानाने ठरला आहे. मार्गदर्शकांनी सुचवलेली पद्धत आपल्याकडे रूढ आहे तीच आहे. तालुक्यातील शिक्षकांना गूगल फॉर्मवर पाच पर्यायांची प्रश्नावली पाठवायची, सुमारे ३०० विद्यार्थ्यांकडून दुसरी प्रश्नावली भरून घ्यायची आणि दोहोंमधला सहसंबंध काढायचा.

या मार्गाने प्रबंध पूर्ण होईल, यात शंका नाही. परंतु मला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते त्यातून मिळेल असे वाटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. त्याच्या आधीच, २०१९ मध्ये, ‘निष्ठा’ हे शिक्षकांसाठीचे राष्ट्रीय प्रशिक्षण सुरू झाले आणि पुढे ते ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर ऑनलाइन आले. आमच्या बहुतेक शिक्षकांकडे या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे आहेत आणि त्यांपैकी अनेकांनी ते मनापासून पूर्ण केले आहेत. तरीही सहामाही परीक्षेच्या आठवड्यात वर्गात जाऊन पाहिले, तर प्रशिक्षणात शिकलेले फारसे काही तिथे दिसत नाही.

दुसरीकडे, एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहावी ते बारावीच्या सुमारे ३.७९ लाख विद्यार्थ्यांपैकी ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांमुळे चिंता वाटते असे सांगितले. चिंतेचे कारण शाळेच्या रोजच्या कामकाजातच आहे आणि तरी उपाय मात्र बहुधा त्या कामकाजाच्या बाहेर शोधला जातो. एखादे व्याख्यान होते, एखादे शिबिर होते, त्याची छायाचित्रे अहवालाला जोडली जातात आणि दुसऱ्या दिवसापासून वेळापत्रक पूर्वीसारखे चालू राहते.

माझी विचारणा अशी आहे की, प्रशिक्षणाचा परिणाम मुलांपर्यंत पोहोचला की नाही हे तपासायचे असेल, तर नेमके काय मोजावे? मुलांच्या मनःस्वास्थ्याचे काम वर्गशिक्षकांकडेच द्यावे की त्यासाठी स्वतंत्र माणूस असावा, यावर भारतात काही भरवशाचे संशोधन झाले आहे का? आणि या सगळ्यात मुख्याध्यापकाचा वाटा वेगळा काढून दाखवता येतो का? तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शाळासिद्धी या शाळा-मूल्यमापन योजनेची माहिती भरण्यात आम्ही पुष्कळ वेळ घालवला आहे आणि त्यातून मुलांच्या दिवसात काय बदलले, हे मला कोणाला दाखवता येत नाही.

उत्तर १: किशोरवयीन आरोग्य क्षेत्रातील संशोधन कार्यकर्ती, गोवा

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर भारतात एक अतिशय काळजीपूर्वक केलेले संशोधन उपलब्ध आहे आणि त्याचा गोव्याशी थेट संबंध आहे. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबवला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

शाळांची तीन गटांत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी केली होती आणि प्रत्येक गटात सुमारे २५ शाळा होत्या. पहिल्या गटात हे काम एका बिगर-तज्ज्ञ समुपदेशकाकडे दिले. मानसशास्त्राची मोठी पदवी नसलेला, परंतु या कामाचे प्रशिक्षण आणि नियमित देखरेख मिळणारा असा हा कार्यकर्ता होता. दुसऱ्या गटात तेच काम, त्याच आराखड्यानुसार, शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवले. तिसऱ्या गटात सरकारचा आधीपासून चालू असलेला जीवनकौशल्य कार्यक्रम तेवढा होता. कामाचे स्वरूप साधे होते. परिपाठात एखादा विषय मांडणे, भित्तिपत्रक चालवणे, मुलांना नाव न लिहिता अडचणी मांडता येतील अशी पेटी ठेवणे, विद्यार्थ्यांचे गट तयार करणे आणि गरज असेल त्या मुलाशी एकट्याने बोलणे.

वर्षाच्या अखेरीस नववीच्या विद्यार्थ्यांकडून माहिती घेतली, तेव्हा समुपदेशकाच्या शाळांत शालेय वातावरण स्पष्टपणे सुधारलेले आढळले. नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसेचे अनुभव कमी झाले होते. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र तिसऱ्या गटाच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नव्हता. पुढच्या वर्षीही कार्यक्रम चालू ठेवून पुन्हा पाहणी केली, तेव्हा समुपदेशकाच्या शाळांतला परिणाम आणखी वाढलेला होता आणि ते निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही यात अंशतः आहे. या अभ्यासात मुख्य मापन शालेय वातावरणाचे होते. शाळेत आधार देणारी माणसे आहेत का, ही शाळा आपली वाटते का, निर्णयांत आपल्याला विचारले जाते का, अशा गोष्टी मुलांना विचारल्या होत्या. शिक्षकांना प्रशिक्षण किती आवडले, यावर निष्कर्ष उभा केलेला नव्हता. आपणही मुलांच्या उत्तरांपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

उत्तर २: विज्ञान शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

वरील संशोधनाचा मला आदर आहे, परंतु त्यावरून ‘शिक्षकांना हे काम जमत नाही’ असा निष्कर्ष काढला गेला, तर तो अन्यायाचा ठरेल आणि धोरण म्हणूनही चुकीचा ठरेल. समुपदेशकाला ते एकच काम होते. शिक्षकाला मात्र तासिका, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीची माहिती आणि निवडणुकीचे काम सांभाळून त्यात हे आणखी एक काम करायचे होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद ठेवून अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे, परंतु शाळेतल्या शाळेत जे कागदी काम वाढत जाते त्याला त्या कलमाचा आडोसा मिळत नाही.

आणखी एक गोष्ट अशी की, प्रकल्प संपला की बाहेरून आलेला माणूस जातो. मूल शाळेत कोणाकडे तरी आपण होऊन जाते आणि तो माणूस बहुधा एखादा शिक्षक, कधी कधी शाळेतली शिपाई मावशी असते. घरी वडिलांचे व्यसन आहे, बहिणीचे लग्न लवकर ठरवले आहे, ऊसतोडीला जायचे असल्याने दिवाळीनंतर शाळा सुटणार आहे, या गोष्टी मुले ठरवून दिलेल्या माणसाला सांगतीलच असे नाही. आपल्या संशोधनात ‘अडचण आली तर तू शाळेत कोणाशी बोलशील?’ एवढा एक खुला प्रश्न जरूर ठेवावा. त्याची उत्तरे शाळानिहाय मांडली, तर कोणत्या शाळेत मुलांना एकही माणूस सुचत नाही ते दिसेल. माझ्या मते प्रश्नावलीतल्या गुणांच्या कोणत्याही सरासरीपेक्षा ही माहिती अधिक मोलाची आहे.

शिवाय ज्याच्या हातात गुण आहेत आणि शिस्तीचा अधिकार आहे, त्याच्याशी मोकळेपणाने बोलणे मुलांना अवघड जाते, हे मी मान्य करतो. म्हणून वर्गशिक्षकाऐवजी त्या वर्गाला न शिकवणाऱ्या शिक्षकाकडे ही जबाबदारी द्यावी आणि त्या बदल्यात त्याच्या आठवड्याच्या तासिका खरोखर कमी कराव्यात, असा तिसरा पर्याय आपल्या अभ्यासात तपासता येईल का, हे पाहावे. तासिका कमी करणे हे मुख्याध्यापकाच्या हातात असते. आपला तिसरा प्रश्न इथेच येऊन मिळतो.

उत्तर ३: निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा

मुख्याध्यापिकाबाईंनी शाळासिद्धीचा उल्लेख केला, म्हणून लिहितो. शाळेचे मूल्यमापन करायचे, त्यावरून सुधारणा आराखडा तयार करायचा आणि पर्यवेक्षकांनी त्याचा पाठपुरावा करायचा, या पद्धतीची मध्य प्रदेशात मोठ्या प्रमाणावर यादृच्छिक चाचणी झाली होती. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. मूल्यमापने झाली, आराखडेही जवळजवळ सर्वत्र तयार झाले. परंतु शिकवण्याची पद्धत, शिक्षकांची मेहनत आणि मुलांचे शिकणे यांत फरक आढळला नाही. तरीही कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि त्याचा देशभर विस्तार झाला. त्या अभ्यासात शाळांशी आणि अधिकाऱ्यांशी झालेल्या बोलण्यातून पुढे आलेली गोष्ट मला माझ्या सेवाकाळावरून पूर्णपणे पटते. खालच्या पातळीवर हे काम म्हणजे कागदपत्र वेळेत सादर करणे, असेच समजले गेले होते.

मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक, असताना शाळाभेटीत प्रथम काय तपासत असे, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पटसंख्या, हजेरी, पोषण आहाराचा साठा, रजा नोंदवही आणि मागच्या पत्राची पूर्तता. त्यातून वेळ उरला तर वर्गात बसणे. माहिती मागवण्याचे अधिकार वरपासून खालपर्यंत सर्वांना असतात, वर्गात बसून शिक्षकाला साहाय्य करण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच मूल्यमापनात ठळकपणे येत नाही.

याच्या उलट उदाहरण हरियाणातले आहे. ‘प्रथम’ संस्थेची पातळीनुसार अध्यापनाची पद्धत बिहार आणि उत्तराखंडमध्ये केवळ शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य देऊन राबवली, तेव्हा फारसा परिणाम दिसला नव्हता. २०१२-१३ मध्ये हरियाणात ती राबवताना दोन गोष्टी बदलल्या. शाळेच्या दिवसातला एक तास त्यासाठीच राखून ठेवला आणि त्या तासाला मुलांची विभागणी इयत्तेऐवजी पातळीनुसार केली. दुसरे म्हणजे, पर्यवेक्षण करणाऱ्या साधनव्यक्तींना आधी स्वतः काही दिवस त्या पद्धतीने मुलांना शिकवायला लावले आणि मग शिक्षकांना मदत करण्यासाठी पाठवले. हिंदी वाचनात प्रगती दिसली. तुलनेसाठी घेतलेल्या शाळांनाही वाढीव तास मिळाला होता, त्यामुळे नुसता वेळ वाढवून हे घडले असे म्हणता येत नाही. त्या वेळेत काय करायचे ते ठरलेले होते आणि ते स्वतः करून पाहिलेला माणूस पाठीशी होता.

आमच्या जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, ज्ञानरचनावादी (मुलांनी स्वतः करून आपले ज्ञान घडवण्याच्या) पद्धतीचे जे काम झाले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येत असत. परत गेल्यावर अनेक शाळांत फरशीवर आकृत्या रंगवल्या गेल्या, कारण ती गोष्ट पाहून घेण्यासारखी आणि लगेच करण्यासारखी होती. तिथल्या शिक्षकांचे आपसातले बोलणे, एकमेकांच्या वर्गात जाणे आणि विस्तार अधिकाऱ्यांनी त्यांच्याबरोबर बसून विचार करणे, हे मात्र एका भेटीत दिसण्यासारखे नव्हते. आपण मुख्याध्यापकाचा वाटा शोधत असाल, तर ‘गेल्या महिन्यात मुख्याध्यापक किती वेळा पूर्ण तासिकाभर वर्गात बसले आणि त्यानंतर शिक्षकाशी काय बोलले’ हे शिक्षकांनाच विचारावे. मुख्याध्यापकांना विचारल्यास लॉगबुकातली उत्तरे मिळतील.

उत्तर ४: शिक्षणशास्त्र महाविद्यालयातील प्राध्यापिका, पुणे

वरील चर्चेत आशय उत्तम आला आहे, म्हणून मी केवळ पद्धतीबद्दल लिहिते, कारण आपल्याकडचे अनेक चांगले विषय तिथेच वाया जातात.

एकाच शाळेतील मुलांची उत्तरे एकमेकांसारखी असतात, कारण शिक्षक, परिसर आणि शाळेचे वातावरण तेच असते. त्यामुळे १० शाळांतून प्रत्येकी ३० मुले घेतली, तर कागदावर ३०० मुले असली तरी माहिती तेवढ्या स्वतंत्र मुलांची नसते. शाळांतर्गत साधर्म्याचा गुणक, म्हणजे एका शाळेतल्या मुलांची उत्तरे किती सारखी आहेत ते सांगणारा आकडा, समजा ०.०५ धरला, तर १ + (२९ × ०.०५) म्हणजे २.४५ ने भागावे लागते (२९ म्हणजे शाळेतली ३० मुले वजा एक) आणि ३०० मुलांची माहिती सुमारे १२२ स्वतंत्र मुलांइतकीच ठरते. तीच ३०० मुले ३० शाळांतून प्रत्येकी १० घेतली, तर भाजक १.४५ होतो आणि ती संख्या सुमारे २०७ होते. खर्च आणि प्रवास वाढेल, हे खरे आहे. परंतु आपला प्रश्न व्यवस्थापनाचा आहे आणि व्यवस्थापन शाळेगणिक बदलते, मुलागणिक नाही. म्हणून शाळा वाढवाव्यात आणि प्रत्येक शाळेतली मुले कमी करावीत.

प्रशिक्षणाच्या परिणामाबद्दल दक्षिण आफ्रिकेतील नॉर्थ वेस्ट प्रांतातील अभ्यास अवश्य वाचावा. १८० सरकारी प्राथमिक शाळांत सेत्स्वाना भाषेच्या वाचनासाठी काही शिक्षकांना केंद्रावर बोलावून प्रशिक्षण दिले आणि काहींना त्यांच्याच वर्गात येऊन मार्गदर्शकाने साहाय्य केले. पाठयोजना आणि साहित्य दोन्हींकडे सारखेच होते. दोन वर्षांनंतर केंद्रावरच्या प्रशिक्षणाने मुलांच्या वाचनात ०.१२ प्रमाण विचलनाची (मुलांच्या गुणांतील सर्वसाधारण चढउताराच्या मापाने) वाढ झाली, तर वर्गातल्या मार्गदर्शनाने ०.२४ ची, म्हणजे दुप्पट. मात्र क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन या संशोधकांनी २०१८ मध्ये वर्गातल्या मार्गदर्शनावरील ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कार्यक्रम मोठा होत जातो तसा परिणाम कमी होत जातो, असेही आढळले. वर्गात येऊन मदत करणारा चांगला माणूस हवा तेवढ्या संख्येने मिळत नाही, हे त्याचे एक उघड कारण असावे.

एका बाबतीत मात्र मी अत्यंत गंभीरपणे सावध करू इच्छिते. मुलांना हिंसा, छळ किंवा घरच्या परिस्थितीबद्दल विचारणार असाल, तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचाही स्वतंत्र होकार घ्यावा लागेल, आणि ‘तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही’ असे आश्वासन मुलाला देऊ नये. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यातील कलम १९ नुसार अशी माहिती कळल्यास ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे आणि त्यातून संशोधकाला सूट नाही. उत्तरे कोठे गोपनीय राहतील आणि कोठे राहणार नाहीत, हे मुलाला कळेल अशा शब्दांत आधी सांगावे. एखाद्या उत्तरात जिवाला धोका असल्याचे दिसले तर त्याच दिवशी कोणाशी संपर्क साधायचा, याची व्यवस्था पाहणी सुरू करण्यापूर्वीच लेखी तयार असावी. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा (चाइल्डलाइनचा) १०९८ हा क्रमांक प्रत्येक मुलाकडे जाईल असे पाहावे. ही व्यवस्था उभी राहत नसेल, तर ते प्रश्न विचारू नयेत.

तसेच आपण स्वतः त्याच तालुक्यात मुख्याध्यापिका आहात. आपल्या शाळेतील आणि आपल्या संस्थेच्या इतर शाळांतील मुलांकडून आपण स्वतः उत्तरे घेऊ नयेत.

प्रश्नकर्तीचे पुढील निवेदन

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. मार्गदर्शकांशी बोलून मी आराखडा पुढीलप्रमाणे बदलण्याचा प्रस्ताव ठेवत आहे. ३० शाळा, प्रत्येक शाळेतून आठवी-नववीची १० मुले आणि त्या वर्गांना शिकवणारे सर्व शिक्षक. माझ्या संस्थेच्या शाळा वगळल्या जातील. मुलांकडून शालेय वातावरणाची माहिती घेतली जाईल आणि ‘अडचण आली तर तू शाळेत कोणाशी बोलशील?’ हा खुला प्रश्न ठेवला जाईल. शिक्षकांना प्रशिक्षणाचे तास विचारण्याबरोबरच त्या प्रशिक्षणातली कोणती गोष्ट वर्गात करून पाहिली, त्या वेळी कोणी सोबत होते का आणि त्यासाठी वेळापत्रकात कोणती तासिका मोकळी केली होती, हे विचारले जाईल.

कोल्हापूरच्या सरांनी सुचवलेला तिसरा पर्याय मला फार महत्त्वाचा वाटतो. ३० पैकी काही शाळांत त्या वर्गाला न शिकवणाऱ्या एका शिक्षकाच्या आठवड्याला तीन तासिका कमी करून त्याला मुलांशी बोलण्यासाठी ठरलेली वेळ आणि जागा द्यावी, असा विचार आहे. ज्या शाळांचे मुख्याध्यापक तयार आहेत, त्यांच्यापासून सुरुवात केली तर चालेल का? आमच्या भागात संचमान्यतेनंतर, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकपदे ठरवल्यानंतर, शिक्षक आधीच कमी पडत आहेत, त्यामुळे सर्वच जण तयार होणार नाहीत.

उत्तर ५: शिक्षणशास्त्र महाविद्यालयातील प्राध्यापिका, पुणे

केवळ तयार असलेल्या शाळा घेतल्या, तर त्या शाळांत दिसलेला फरक तासिका कमी केल्यामुळे पडला की मुळातच उत्साही मुख्याध्यापक असल्यामुळे, हे सांगता येणार नाही. आपल्याला वेगळा काढायचा होता तो मुख्याध्यापकाचा वाटा इथेच मिसळून जाईल. त्याऐवजी आधी सर्व तयार शाळांची यादी करावी. त्यांतल्या निम्म्या शाळांना पहिल्या सत्रात आणि उरलेल्या निम्म्यांना दुसऱ्या सत्रात संधी मिळेल, असे सर्वांना आधीच सांगावे. कोणाचा क्रम आधी, हे सर्व मुख्याध्यापकांच्या समोर चिठ्ठ्या टाकून ठरवावे. पहिल्या सत्राच्या अखेरीस दोन्ही गटांतील मुलांची पाहणी करावी. तयार नसलेल्या शाळांची माहितीही घ्यावी, परंतु ती वेगळी मांडावी. एकूण तयार शाळा २० पेक्षा कमी निघाल्या, तर संख्याशास्त्रीय निष्कर्षाचा आग्रह सोडून त्यांतल्या चार-पाच शाळांचा वर्षभर सखोल अभ्यास करावा. आपल्या विद्यापीठाच्या समितीला तोही मान्य होईल, फक्त प्रस्तावात ते सुरुवातीलाच लिहून ठेवावे.